‘गरज नाही’ची फी

रात्री साडेनऊला ठाण्यातल्या लोकमान्यनगरच्या कोपऱ्यावरचं मेडिकल ही आमच्या भागातली सगळ्यात मोठी ओपीडी असते. टीएमटीच्या शेवटच्या स्टॉपला उतरलेली माणसं भाजी घेतात, अंडी घेतात आणि घराकडे वळण्याआधी या काउंटरवर थांबतात. पोट बिघडलंय, दे काहीतरी. पोराला ताप आहे, मागच्या वेळचं ते गुलाबी सिरप दे. गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे एक वॉचमन उभा होता. घोडबंदरच्या एका टॉवरवर ड्यूटी, अंगावर गणवेश तसाच, आवाज बसलेला. म्हणाला, "ती तीनवाली स्ट्रिप दे ना भाऊ. अ‍ॅझी." दुकानातल्या पोराने वर न बघता हात मागे नेला आणि बरोबर तीच स्ट्रिप काढली. अ‍ॅझी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन, तीन गोळ्यांत येणारं अँटिबायोटिक. सत्तरेक रुपये झाले. चिठ्ठी मागितली नाही, बिल दिलं नाही. एकच प्रश्न विचारला, "सोबत गॅसची देऊ का?"

स्ट्रिपच्या मागे तांबडी उभी रेघ होती. ही रेघ दिसली तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नका, असं केंद्र सरकारने २०१६ साली मोहीम काढून सांगितलं होतं. वॉचमनने रेघ पाहिलीही असेल. स्ट्रिप दुमडून त्याने खिशात टाकली आणि तो गेला.

अशा प्रसंगावर लिहायला बसलं की लेख ठरलेल्या वाटेने चालू लागतो. लोक अडाणी, दुकानदार लोभी, सरकार झोपलेलं, म्हणून जनजागृती हवी. मला हे पटत नाही. मी अकरा वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी होतो, कळवा ते कल्याण हा माझा पट्टा. त्यामुळे ‘अँटिबायोटिक स्वस्तात कशी मिळवावीत’ असं लोक मला विचारतात. बॅगेत सेफिक्झिम या अँटिबायोटिकची सॅम्पलं घेऊन दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर इतके तास काढलेत की तिथल्या पेशंटांची बोलणी मला पाठ आहेत. काउंटरवरून परस्पर गोळी घेणाऱ्या माणसाला हिशेब फार चांगला येतो, हे मी त्या बाकांवर शिकलो.

त्याचाच हिशेब मांडू. पगार समजा १७ हजार. बारा तासांची ड्यूटी, न गेल्यास खाडा, म्हणजे साडेपाचशे-सहाशे बुडाले. आमच्या गल्लीतले डॉक्टर २०० ते ३०० घेतात, त्यात दोन दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून मिळतात. (त्या पुडीत नेमकं काय होतं हे पेशंटला कधीच कळत नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर ‘लाल-पिवळी कॅप्सूल होती’ एवढंच सांगता येतं.) एमडी डॉक्टरकडे गेलं तर ७००. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं तर सीबीसीचे आणखी तीनशेच्या आसपास, रिपोर्ट उद्या, म्हणजे दुसरा खाडा. या सगळ्या यादीत अँटिबायोटिकचे ७० रुपये ही सगळ्यात लहान रक्कम आहे. ज्याला पूर्ण थाळी परवडत नाही तो वडापाव घेतो, तसा तो यादीतला परवडणारा तेवढा भाग विकत घेतो. याला आपण अज्ञान म्हणतो.

म्हणून ‘अँटिबायोटिक स्वस्तात कशी मिळवावीत’ हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. गोळी स्वस्तच आहे. ती घ्यायची की नाही हे सांगणारा माणूस महाग आहे.

आणि यातली खरी अडचण मला स्वतःच्या खोकल्यात कळली. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात घसा धरला, ताप आला, रात्रभर ढास. बायकोने पिटाळलं म्हणून एमडी बाईंकडे गेलो. त्यांनी घसा बघितला, छाती तपासली, ऑक्सिजन बघितला, किती दिवस झाले ते विचारलं आणि सांगितलं, हे व्हायरल आहे, अँटिबायोटिकची गरज नाही. पॅरासिटामॉल घ्या, गुळण्या करा. ताप तीन दिवसांपुढे गेला किंवा धाप लागली तर लगेच या. ७०० रुपये देऊन मी जिना उतरलो तेव्हा मला, अकरा वर्षं अँटिबायोटिक विकलेल्या माणसाला, फसवल्यासारखं वाटत होतं. हातात पिशवीसुद्धा नव्हती. पाचव्या दिवशी बरा झालो. बाईंनी मला त्या दिवशी दिलेला सल्ला अगदी बरोबर होता आणि त्याला ७०० रुपयांची किंमत होती, हे कबूल करायला मात्र बरेच दिवस लागले.

आता वॉचमनने ते ७०० का द्यावेत? घसादुखी, सर्दी, साधा खोकला हे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाहीत. म्हणजे शहाण्या डॉक्टरकडे गेलेल्या दहा जणांपैकी बऱ्याच जणांना ‘गरज नाही’ हेच ऐकायचं आहे. आपण व्यवस्था अशी उभी केली आहे की ‘गरज नाही’ ऐकायला ३०० ते ७०० रुपये पडतात आणि ‘घे ही गोळी’ ७० रुपयांत मिळते. डॉक्टरांनाही हे ठाऊक आहे. फी घेऊन रिकाम्या हाताने पाठवलेला पेशंट पुढच्या वेळी समोरच्या डॉक्टरकडे जातो. ‘पेशंटला काहीतरी दिल्यासारखं वाटलं पाहिजे’ हे वाक्य मी किती डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं असेल! आम्ही एमआर मंडळी नेमकं त्या वाक्यावर जगत होतो.

यावर उत्तर म्हणून कायदा दाखवला जातो. कायदा आहे, आणि कागदावर चांगला आहे. अमोक्सिसिलिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन ही शेड्यूल एचमधली औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सॅसिन आणि मेरोपेनेमसारखी आणखी जपून वापरायची औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. त्यांच्यासाठी दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ते तीन वर्षं जपायचं. टीबीची औषधंही याच यादीत घातली आहेत. काउंटरवर फार्मासिस्ट हजर असावा लागतो. बऱ्याच दुकानांत त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये हजर असतं, तो स्वतः कुठे असतो हे विचारू नये.

गंमत पुढे आहे. औषध नियमांत ६५ क्रमांकाच्या नियमात ११-अ असं एक पोटकलम आहे. शेड्यूल एचमधलं औषध चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिलं असेल तेच द्यायचं. घटक तोच असला तरी दुसऱ्या कंपनीचं दुकानदाराने आपल्या मनाने द्यायचं नाही. म्हणजे दुकानदारावर दोन बंधनं: चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि चिठ्ठी असेल तर बदलून द्यायचं नाही. पहिलं बंधन रोज रात्री साडेनऊला मोडतं. दुसऱ्याची आठवण दुकानदाराला नेमकी तेव्हा होते जेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, "हेच, पण जरा स्वस्तातलं दे." जास्त मार्जिनवालं खपवायचं असेल तेव्हा मात्र ‘कंटेंट सेम आहे, घ्या बिनधास्त’. चिठ्ठी घेऊन प्रामाणिकपणे आलेल्या माणसालाच कायदा महाग औषधाला बांधून ठेवतो.

हे सुटायची किल्ली डॉक्टरच्या पेनात आहे. डॉक्टरने ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलं की ११-अ आडवं येत नाही. वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असं म्हटलेलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणून हे सक्तीचं केलं. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. डॉक्टरांचा मुद्दा पोकळ नव्हता: मी मूळ नाव लिहिलं तर ब्रँड कोण निवडणार, काउंटरवरचा पोरगा? त्याला ज्यात जास्त सुटतं ते तो देणार. खरं आहे. पण मग डॉक्टर ब्रँड कशावरून निवडतो, हे मी बाकावरून अकरा वर्षं पाहिलंय, त्यामुळे या वादात मी कोणाच्याच बाजूने टाळ्या वाजवत नाही.

पेशंटने काय करावं? निघण्याआधी म्हणावं, "डॉक्टर, कंटेंटचं नाव पण लिहा ना, जनऔषधीत बघतो." बहुतेक डॉक्टर लिहून देतात. लाजू नये. प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रांत दर ब्रँडच्या तुलनेत ५० ते ९० टक्के कमी असतात. अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकची ६२५ची स्ट्रिप, जी ब्रँडमध्ये दोनशेच्या घरात जाते, ती तिथे निम्म्याहून कमीत येते. तिथेही चिठ्ठी लागते आणि तशी ती मागितली जाते, हा त्यांचा चांगुलपणा. वाईट भाग असा की कधी पाचच गोळ्या शिल्लक असतात, बाकीच्या ‘परवा या’. अँटिबायोटिकच्या बाबतीत परवा येता येत नाही. पूर्ण कोर्स एका वेळी मिळत नसेल तर दुसरीकडून घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी.

रस्त्यावरच्या ‘२० टक्के सूट’च्या पाट्यांबद्दल एक सांगतो, कारण ही पोलं मला माहीत आहेत. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांवर सरकारची कमाल किंमत असते. बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या दरांची सरासरी काढायची आणि त्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे, असं २०१३ च्या आदेशातलं सूत्र आहे. १६ टक्के मिळवणारा २० टक्के सूट कुठून देतो? तो ‘दहावर दोन फ्री’ अशा स्कीमवाल्या कंपन्यांचा माल ठेवतो, किंवा ज्याला धंद्यात जेनेरिक म्हणतात तो, ज्यावर एमआरपी शंभर छापलेली असते आणि दुकानाला वीस-पंचवीसला पडतो. सूट द्यायला हरकत नाही, पण सूट एमआरपीच्या फुग्यातून येते. मी चिठ्ठीवरच्या दोन औषधांच्या दहा गोळ्यांची रक्कम विचारतो, टक्केवारी विचारतच नाही.

‘जेनेरिक लागू पडत नाही’ असं म्हणणाऱ्यांना हसू नये. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी काढते आणि त्यात नामांकित ब्रँडही असतात, साधेही. नागपूर भागातल्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांत औषधच नव्हतं, हे आपल्याच राज्यात उघडकीला आलं. किमतीवरून खरं-खोटं ओळखू येत नाही. बिलावर बॅच नंबर असेल तर निदान मागे जाऊन कोणाला तरी धरता येतं. बिल न घेता स्वस्तात घेतलेलं औषध बिघडलं तर तक्रार कुठे करणार? म्हणून माझं एकच हट्टाचं म्हणणं असतं, पाच रुपयांची गोळी असो, बिल दे.

हे झालं चिठ्ठी असणाऱ्याचं. पुन्हा चिठ्ठी नसणाऱ्याकडे येतो.

तीन गोळ्यांनी त्या वॉचमनचं काय बिघडलं? बहुधा काहीच नाही. तीन दिवसांत तो आपोआपच बरा झाला असणार आणि श्रेय अ‍ॅझीला मिळालं असणार. बिघडतं ते हळूहळू, आणि पुन्हा पैशांतच. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी टायफॉइडला सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या लिहिल्या जायच्या, घरबसल्या, स्वस्तात. आता आपल्याकडच्या टायफॉइडच्या जंतूंवर ते बहुतांशी चालत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन द्यावं लागतं, किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची सुई, म्हणजे रोज दवाखान्यात फेरी नाहीतर सरळ अ‍ॅडमिट. जंतू औषधाला सरावणं म्हणजे सोप्या भाषेत औषधोपचाराची भाववाढ, आणि ती भाववाढ ज्याने गोळ्या खाल्ल्या त्याच्याच अंगावर येते असं नाही. त्याच्या चाळीतल्या कोणाच्याही येते. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अमोक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दुसऱ्या, जपून वापरायच्या गटात. आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त हात कुठे जातो? याच दोघांकडे. अ‍ॅझी तर दिवसाला एकच गोळी, तीन दिवसांत खेळ खलास. एमआर असताना आम्ही हेच गुण घोकायचो.

लेव्होफ्लॉक्सॅसिनचं तर आणखी वाईट. दोन-तीन आठवडे खोकला असलेल्या माणसाला कोणीतरी ‘पॉवरवाली’ गोळी म्हणून ते देतं. ते टीबीच्या जंतूंवरही थोडं चालतं. खोकला उतरतो, ताप उतरतो, टीबी आत तसाच राहतो आणि निदान महिन्या-दोन महिन्यांनी लांबतं. तोवर एका खोलीत झोपणारे पाच जण त्याच्याबरोबर श्वास घेत असतात. मुंब्रा, दिवा, तुर्भे स्टोअर्सच्या वस्त्यांत याचा अर्थ काय होतो तो वेगळा सांगायला नको. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात फुकट आहेत, हे माहीत असूनही माणूस आधी काउंटरवरच जातो.

मग करा ना कडक अंमलबजावणी, असं कोणी म्हणेल. केरळने केली. जानेवारी २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ सुरू केलं, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर अचानक धाडी घातल्या, अँटिबायोटिक निळ्या पाकिटात द्यायला लावली. आपल्याकडचे लोक केरळचं हे उदाहरण नेहमी देतात आणि त्याच्या आधीचं पान उलटत नाहीत. २०१७ पासून केरळने ‘आर्द्रम’ योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रं केली आणि त्यांची ओपीडी संध्याकाळपर्यंत चालू ठेवली. आधी डॉक्टरचं दार उघडलं, सात वर्षांनी काउंटर आवळला. आपण उलट क्रमाने गेलो तर काय होईल? ज्याला खरोखर न्युमोनिया आहे आणि डॉक्टर परवडत नाही, त्याची ती ७० रुपयांची वाटही बंद होईल. एच-१च्या रजिस्टरबाबत मी कडकपणाच्या बाजूने आहे. ती औषधं काउंटरवरून सुटी जाता कामा नयेत, उद्यापासून. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र दार उघडण्याआधी खिडकी बंद करू नये, असं माझं म्हणणं आहे.

दारं आपल्याकडे नाहीत असंही नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, नवी मुंबईत जवळजवळ प्रत्येक नोडमध्ये नागरी आरोग्य केंद्र आहे, वाशी, नेरूळ, ऐरोलीला महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. संध्याकाळच्या ‘आपला दवाखाना’ची कल्पना ठाण्यात निघाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण प्रश्न वेळेचा आहे हे प्रथमच कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं. पण सकाळी नऊ ते दुपारी एक ही सरकारी दवाखान्याची जुनी वेळ काही सुटत नाही. त्या वेळेत वॉचमन ड्यूटीवर, धुणीभांडी करणारी बाई चौथ्या घरात आणि रबाळे-महापेच्या कंपनीतला हेल्पर मशीनवर. त्याच टीटीसी औद्योगिक पट्ट्यात औषधांचे कारखाने आहेत. तिथे पाकिटं भरणारा कामगार संध्याकाळी दिघ्याच्या मेडिकलमधून दोन सुट्या गोळ्या घेऊन घरी जातो.

ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, गणित तर डोळ्यांत पाणी आणणारं आहे. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के हिस्सा दरमहा भरला जातो. १७ हजारांवर हे जवळजवळ ६८० रुपये होतात. म्हणजे कागदोपत्री त्या वॉचमनच्या नावाने महिन्याला एका एमडी डॉक्टरची फी आधीच जमा झालेली असते. वागळे इस्टेटमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे. पण तिथे जायचं तर दिवस मोडतो, आणि आजारपणाच्या भत्त्यात पहिले दोन दिवस धरत नाहीत. घसा तर दोन दिवसच दुखतो! म्हणून तो ६८० रुपये तिकडे ठेवतो आणि खिशातले ७० इकडे देतो. ही त्याची चूक आहे असं मला कोणीतरी पटवून द्यावं.

मला काय हवंय ते सांगतो. संध्याकाळी सहा ते दहा चालणारा पालिकेचा दवाखाना, ज्यात डॉक्टर असेल, सीबीसी तिथेच होईल आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात पहिल्या गटातली पाच-सहा अँटिबायोटिक पूर्ण कोर्सच्या नगांत मिळतील. डॉक्टरने चिठ्ठीवर अँटिबायोटिक कशासाठी दिलं हे एका ओळीत लिहावं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून हेच मागितलं होतं. ‘घशाला सूज, पू, ताप’ असं लिहावं लागलं की निम्म्या वेळा पेन थांबतं. आणि गरज नसेल तेव्हा पेशंटला हात हलवत पाठवू नये. एका कागदावर लिहून द्यावं: तुम्हाला अँटिबायोटिक नको, हे हे करा, असं झालं तर परत या, परत यायचे पैसे नाहीत. मला त्या जिन्यावर असा कागद हातात मिळाला असता तर ७०० रुपये इतके खुपले नसते.

यात पैसा लागेल. लागू दे. चौकाचौकांत सेल्फी पॉइंट बांधायला लागतोच.

घरातलं थोडं सांगायलाच हवं, कारण स्वस्तात घेतलेलं औषध चुकीचं वापरलं तर ते फुकट घालवल्यासारखंच. आमच्या आईकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात औषधं असायची. ती गेल्यावर तो डबा मी आवरायला घेतला तेव्हा त्यात अर्धवट अँटिबायोटिकच्या अकरा स्ट्रिपा निघाल्या. काहींची एक्स्पायरी कापलेल्या भागाबरोबर गेलेली. दहाच्या स्ट्रिपमधून सहा हव्या असतात तेव्हा दुकानदार कापून देत नाही, किंवा देतो तर नाव-तारखेचा तुकडा स्वतःकडे ठेवतो. उरलेल्या गोळ्या डब्यात जातात आणि डब्यातून शेजारच्या पोराला. कापून घ्यायची वेळ आली तर स्ट्रिपच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, मी तसं करतो.

‘अँटिबायोटिक उष्ण पडतात’ म्हणून आई ती दुधाबरोबर द्यायची. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधातल्या कॅल्शियमने बांधलं जातं आणि अंगी कमी लागतं. अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांनीही तेच होतं, दोन्हींत काही तासांचं अंतर लागतं.  अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक मात्र जेवणाच्या सुरुवातीला घेतलं तर पोटाला कमी त्रास होतो. लहान मुलांचं कोरड्या पावडरीचं सिरप उकळून गार केलेल्या पाण्याने बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरायचं, दर वेळी हलवायचं, मापाच्या टोपीनेच द्यायचं. अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकची भिजवलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसांनी टाकून द्यायची, अर्धी उरली तरी. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरने विचारायची वाट न बघता आधी सांगायचं.

पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गेलेल्यांना लेप्टोच्या तापापासून बचाव म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात, पाण्यात गेल्यापासून ७२ तासांच्या आत, डॉक्टरच्या सल्ल्याने. फार स्वस्त आणि खरोखर उपयोगी गोळी. पण गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती सरसकट देत नाहीत, आणि भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यावी लागते, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. एवढी साधी गोळी, आणि तिच्यासाठीही दोन मिनिटं बोलणारं माणूस लागतंच.

‘कोर्स पूर्ण करा’ या जुन्या मंत्राबद्दल एक पुस्ती. आता बऱ्याच आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात. आयसीएमआरच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयाबाहेर झालेल्या न्युमोनियाला पाच दिवस म्हटलंय, आणि किरकोळ तापाला व व्हायरल ब्राँकायटिसला अँटिबायोटिक टाळा असंही. तेव्हा दिवस डॉक्टरने सांगितले तेवढेच, बरं वाटलं म्हणून आपण कमी करायचे नाहीत आणि खात्री म्हणून दोन वाढवायचे नाहीत. फोन करून विचारता येतं.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत एका इच्छुक उमेदवाराची सभा झाली. मी उठून विचारलं, आपल्या वॉर्डातला दवाखाना रात्री दहापर्यंत चालू ठेवाल का? त्यांनी टाळ्या घेत सांगितलं, "काका, रविवारी मोफत आरोग्य शिबिर ठेवलंय, सगळ्यांनी या." मी गेलो. मंडप होता, बीपी मोजत होते, ताक होतं. खोकणाऱ्या प्रत्येकाला टेबलावरून एक कागदी पाकीट मिळत होतं, कोणीही छातीला स्टेथोस्कोप न लावता. मलाही मिळालं. घरी येऊन उघडलं. आत पॅरासिटामॉलच्या सहा गोळ्या होत्या, आणि अ‍ॅझीच्या तीन.